मधली मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मला जर्मन येते. हसू नका. तुमच्यापैकी कितीजणांना येते?

सध्या माझा मुक्काम विद्यापीठाच्या ग्रंथालयामागच्या खोलीत आहे. शेजारी एक पाते तुटलेला पंखा आणि तीन पायांची खुर्ची. उद्या भंगाराची गाडी येणार आहे असे कानावर आले. ऐकणे हाच माझा जन्मभराचा धंदा, त्यामुळे मी चुकीचे ऐकले असेन असे वाटत नाही. तेव्हा जे सांगायचे ते आजच सांगून घेतो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एकीने मोटर बसवली, दुसरीने पट्टा चढवला, तिसरीने बटणे लावली. शेवटी तपासणीवाला माझ्यासमोर नुसताच खाकरला. ते खाकरणे मी जसेच्या तसे परत दिले आणि पास झालो. पुढे विद्यापीठात जर्मन भाषेचा नवा विभाग निघाला, तेव्हा मला तिथे आणले. विभाग म्हणजे एक खोली, एक फळा, भिंतीवर एक नकाशा आणि सर. सर उंच होते आणि त्यांच्या खिशात कायम खडूचा तुकडा असे.

सरांनी तिथे एक पद्धत पाडली. दुसऱ्या कुठल्याही विभागात ती नव्हती. त्यांनी स्वतः जर्मनमध्ये एक चिमुकली गोष्ट लिहिली होती. संध्याकाळी एक माणूस नदीवर येतो. होडी पलीकडच्या काठावर असते. तो नावाड्याला हाक मारतो. नावाडी हात हलवतो, पण निघत नाही. माणूस पुन्हा हाक मारतो. संपली गोष्ट. पदवीच्या वर्गात आल्याच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाने ही गोष्ट माझ्यासमोर बसून वाचायची, अर्थ न कळता, जशी येईल तशी. एकाचे वाचून झाले की सर तेवढीच फीत मोकळी सोडत आणि मग दुसऱ्याला बसवत. तीन वर्षांनी, शेवटच्या दिवशी, त्याच विद्यार्थ्याने तीच गोष्ट त्या मोकळ्या जागेत पुन्हा वाचायची. मग दोन्ही आवाज लागोपाठ ऐकायचे. पहिल्या आवाजात मुले हाक मारताना फिदीफिदी हसत. दुसऱ्या आवाजात, पुढच्या तुकड्यांनी वाचले तेव्हा, कोणी हसले नाही.

पहिल्या तुकडीत एक बुजरी मुलगी होती. ती इतक्या हळू आवाजात वाचत होती की आवाज मोजणारा माझा काटा जागचा हलेना. सर म्हणाले, "अगं, तो नावाडी नदीपलीकडे आहे, तुझ्या मांडीवर नाही!" सगळा वर्ग हसला. तीही हसली, आणि ते हसू अजून माझ्याजवळ आहे.

ही तुकडी शेवटच्या वर्षाला पोचली आणि सर आजारी पडले. परीक्षेच्या आधीच ते गेले. दुसरे वाचन राहूनच गेले. मुले पांगली. ती बुजरी मुलगी मात्र पहिली आली आणि पुढे सरांच्याच खुर्चीत बसली. आता सगळे तिला बाई म्हणू लागले. कोणी म्हणाले, बाई, तुमची तरी जागा भरून टाका, तर त्या म्हणत, "मला कुठे सगळं कळलंय अजून? मी शेवटी वाचेन."

बाई शिकवायच्या कशा, काय सांगू! व्याकरण तर शिकवतच, पण तिथली माणसे जेवताना काय बोलतात, रुसतात कशी, गाडी उशिरा आली की कोणाला शिव्या देतात, हेही शिकवत. त्या देशाच्या कवितांवर त्यांचा जीव होता, पण त्या देशाने केलेली भयंकर पापेही त्या तितक्याच सविस्तर सांगत. "नुसती गोड बाजू पाहायची असेल तर पाहुणे म्हणून जा," त्या म्हणायच्या, "विद्यार्थी म्हणून नको." त्या वर्षांत माझी बटणे झिजली, पट्टा दोनदा बदलला आणि मी सुखात होतो.

मग हळूहळू काहीतरी बिघडले. माझ्यात नव्हे, काळात. जर्मन बोलता येणाऱ्या मुलांना पटापट नोकऱ्या मिळू लागल्या. त्यासाठी पदवी लागत नव्हती. कविता, इतिहास, पापे यांतले काहीच लागत नव्हते. बोलता आले की झाले. आणि बाईंच्या हाताखाली मुले वर्षा-दीड वर्षात बोलू लागत. बोलू लागली की निघून जात. बाई जितके चांगले शिकवत, तितका वर्ग लवकर रिकामा होई. घाम बाईंचा आणि पीक दुसऱ्याच्या कोठारात. माझ्या कॅसेटांवर पहिले आवाज वाढत गेले आणि त्यांच्यापुढच्या मोकळ्या जागा तशाच राहिल्या.

वरून हुकूम आला: शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला एकही विद्यार्थी बसला नाही, तर विभाग बंद. त्या वर्षी शेवटच्या वर्गात एकच मुलगी उरली होती. तिला सगळे भोंगा म्हणायचे. तिने पहिल्या दिवशी नावाड्याला अशी हाक मारली होती की शेजारच्या विभागाचा शिपाई काय झाले म्हणून धावत आला होता. बाई त्या दिवशी डोळे पुसेपर्यंत हसल्या होत्या. आता सगळा विभाग त्या एका भोंग्यावर उभा होता.

परीक्षेला थोडे दिवस उरले असताना भोंगा दुपारची आली आणि दारातच उभी राहिली.

"ये ना आत, अशी काय उभी?" बाई म्हणाल्या.

"बाई, मी परीक्षेला नाही बसत."

"का गं?"

"नोकरी लागली. परगावी आहे, परवाच हजर व्हायचंय. जर्मनच आहे बाई! दिवसभर फोनवर बोलायचं. पदवी नकोय त्यांना, बोलता आलं की बास."

"आणि बोलता तर येतंच तुला."

"तुम्हीच शिकवलंत ना." तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा बारीक झाला. "मी थांबणार होते, खरंच. पण आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतेस? बाबांचं काम सुटलंय. घरी माझ्याकडेच बघतात सगळे."

बाई तिच्यावर ना रागावल्या, ना त्यांनी तिला अडवले. विभागाचे काय होणार हेही त्या बोलल्या नाहीत. भोंगाच माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, मी आत्ता वाचू का? माझी जागा?"

बाईंनी मानेनेच नको म्हटले. "अजून शेवटचा भाग शिकायचा राहिलाय आपला. अर्धवट कळलेलं वाचून काय करायचंय? सवडीने ये. तुझी जागा कुठे पळून जात नाही."

"येते बाई," ती म्हणाली आणि गेली. ती पुन्हा आली नाही.

मला तेव्हा ओरडावेसे वाटले, की बाई, वाचू द्या तिला, अर्धे तर अर्धे! पण ज्याला आपला आवाजच दिलेला नाही त्याने ओरडायचे कसे? जिन्यावरून तिची पावले ऐकू येईनाशी झाली तेव्हा बाई एकदम उठून खिडकीशी गेल्या. त्यांना चूक कळली असावी. तोवर रस्ता रिकामा झाला होता.

विभाग बंद झाला. खोली जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला दिली. किल्ली परत करायच्या दिवशी बाई सकाळीच आल्या. त्यांनी नकाशा उतरवून गुंडाळला, फळा ओल्या फडक्याने पुसला आणि मग पहिल्या तुकडीची कॅसेट माझ्यात घातली. बुजऱ्या मुलीचा आवाज लागला. सरांचा टोमणा आला, मग वर्गाचे आणि तिचे हसणे आले. मग मोकळी जागा आली. बाईंनी आवाज भरायचे लाल बटण दाबले.

मी कान टवकारून बसलो. एवढी वर्षे ज्या आवाजाची वाट पाहिली, तो आता येणार होता.

बाईंनी तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. गोष्ट त्यांना तोंडपाठ होती, झोपेतून उठवले असते तरी म्हटली असती. पण एक शब्द फुटला नाही. फीत फिरत राहिली. जागा संपली तशी बाईंनी मला थांबवले आणि कॅसेट बाहेर काढली.

कॅसेटच्या पाठीवर एक बारीकसा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, आहे ते कायम राहते. बाईंनी त्यावर अंगठा टेकवला, आणि काढून घेतला. "बाकीच्यांच्या जागा आहेत हिच्यात," त्या माझ्याकडे बघत पुटपुटल्या, "न जाणो, आलंच कोणी तर." त्या गेल्या तेव्हा दार ओढून घ्यायलाही विसरल्या.

पुढची वर्षे मी गठ्ठ्यांखाली काढली. बाई आता नाहीत, हे मला दोन शिपायांच्या बोलण्यातून कळले.

गेल्या आठवड्यात मला इथे आणले. जुने आवाज संगणकात साठवायची टूम निघाली आहे. दोन तरुण आले, सालस होते. त्यांनी माझी धूळ पुसली, मला तार जोडली आणि कॅसेटा एकेक करून लावल्या. मला वाटले, आपल्या जन्माचे सार्थक झाले.

"मध्ये मध्ये हे एवढं रिकामं काय आहे?" एकाने विचारले.

"काप ते. आवाज तेवढे घे. उगाच जागा अडते."

भोंग्याची जागा कापली गेली. तिच्याआधीच्या सगळ्यांच्या गेल्या. मग पहिल्या तुकडीची कॅसेट लागली. बुजरी मुलगी वाचून हसली, आणि पुढे पडद्यावर जवळजवळ सरळ रेघ आली. पहिल्याने कानावरचे यंत्र घट्ट दाबले.

"थांब रे. इथे काहीतरी ऐकू येतंय."

दुसऱ्याने क्षणभर ऐकले. "छे, मशीन जुनं झालंय. त्याचीच खरखर आहे. काप."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे मी सांगणार नाही. मला आता जपून काय उपयोग? पण कोणी तुमच्यासाठी एखादी जागा मोकळी ठेवली असेल, तर तिकडे एकदा जाऊन या. अर्धवट कळले असेल तरी जा. आणि तुम्ही कोणाची वाट पाहत असाल, तर तो दारात आला की सगळे पुरे होईपर्यंत त्याला थांबवू नका.

आणखी एक. माझी खरखर मी ओळखतो. ती माझी नव्हती. त्या बाई होत्या. वाचायला सुरुवात करण्याआधी माणूस घेतो ना, तसा श्वास घेत होत्या, पुन्हा पुन्हा.