अकरा वर्षं लांबलेली मिठी

जेनेरोसाने नवस अकरा वर्षं थकवला होता, आणि तोही जाणूनबुजून.

तिचा नवरा एलादिओ तेव्हा छातीच्या दुखण्याने इस्पितळात पडला होता. डॉक्टरांनी मान हलवली तशी ती व्हरांड्यात गेली आणि तिने संत याकोबाला सांगितलं, "याला वाचव. मी मेलिदेहून सांतियागोला तुझ्या कॅथीड्रलपर्यंत चालत येईन, तुझ्या मूर्तीला मिठी मारीन आणि त्या मिठीनंतर या माणसाला जन्मात कधी बोलणार नाही, म्हणजे रागावून."

एलादिओ वाचला. घरी आल्यावर आठवड्याच्या आत त्याने चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघर तुडवलं आणि जेनेरोसाला कळलं की आपण भलतंच कबूल करून बसलो. चालायचं होतं दोनच दिवस, त्याचं काही नाही. पण मिठीनंतर तोंडाला कायमचं कुलूप! मग एका वर्षी बटाट्यांची काढणी आडवी आली, दुसऱ्या वर्षी गाय व्यायला झाली. यंदा मात्र गुडघ्यांच्या डॉक्टरने साफ सांगितलं, चालायचं तर याच वसंतात, पुढे जमणार नाही.

एलादिओला नवसातलं चालणं आणि मिठी एवढंच माहीत होतं. तोही बरोबर निघाला. जेनेरोसाने दोन दिवस त्याची पाठ सोडली नाही. पुन्हा संधी मिळणार नव्हती, तेव्हा साठलेलं सगळं तिने वाटेतच उरकून घेतलं.

"काठी कुठल्या हातात धरलीस? आणि सगळं चीज पहिल्याच चढावर खाऊन टाकलंस?"

"भूक लागली होती गं."

"तुझ्या बहिणीच्या लग्नातही हेच केलंस!"

"त्याला चाळीस वर्षं झाली, बाई."

"म्हणून काय झालं?"

कॅथीड्रलमध्ये जाड दगडी कमानींखाली मिठीची रांग लागली होती. वेदीच्या मागच्या अरुंद जिन्यावर जेनेरोसा एकेक पायरी चढत होती आणि प्रत्येक पायरीवर मागे वळून काहीतरी सुनावत होती. "टोपी काढ. शर्ट खोच. छत्री सांभाळ, माझ्या आईची आहे, विसरलास तर बघ!"

मग पायऱ्या संपल्या. समोर संताच्या मूर्तीची पाठ होती. तिने दोन्ही हात त्याच्या खांद्यांभोवती टाकले, गार धातूवर गाल टेकला आणि म्हणाली, "वाचवलंस त्याला. आले बघ." तिच्यानंतर एलादिओने संताला मिठी मारली. तो बराच वेळ पुटपुटत होता. रांगेतले लोक खाकरायला लागले तेव्हा कुठे उतरला.

बाहेर चौकात पाऊस लागला होता. एलादिओने छत्री उघडायला हात उचलला, तो रिकामाच होता, आणि त्याचा चेहरा पडला.

"छत्री आतच राहिली. मिठीला दोन हात लागतात ना, म्हणून कठड्याला अडकवली होती." तो मान खाली घालून उभा राहिला.

जेनेरोसाने ओठ घट्ट मिटले. पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरत होतं.

"काय गं? बोलत का नाहीस? बरं वाटत नाही का? डॉक्टरला बोलवू?"

शेवटी तिने सगळा नवस सांगून टाकला. ऐकता ऐकता एलादिओचा रंगच उडाला.

"आणि हे कबूल करताना मला विचारायचं नाही? इस्पितळात मला काही दिसत नव्हतं. तू नर्सला झापत होतीस, तेवढं ऐकू यायचं. म्हटलं, हिचा आवाज येतोय, म्हणजे मी अजून आहे. मघाशी वर संताला मी एकच मागितलंय, शेवटच्या दिवसापर्यंत ही मला अशीच झापत राहू दे. तुझी मिठी आधीची, माझी नंतरची. त्याच्या कानात शेवटचा शब्द माझा आहे."

जेनेरोसाला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. तिने मनोऱ्यांकडे पाहिलं. संताला काही हरकत घ्यायची असेल तर घेऊ दे म्हणून ती क्षणभर थांबली. वरून फक्त पाऊस आला.

"मग खांबासारखा उभा काय राहिलायस?" ती कडाडली. "एवढं बजावूनही विसरलास! जा, आईची छत्री घेऊन ये!"

एलादिओचा चेहरा उजळला आणि तो पायऱ्यांकडे धावत सुटला.

"अरे मूर्खा, धावू नकोस!" ती सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "छाती सांभाळ!"