शनिवारची बॅच

बाक ओला आहे हे बसायच्या आधीच आईच्या लक्षात आलं. तिने पर्स काखेत धरली, लाइफगार्डला बोटाने जवळ बोलावलं आणि बाकाकडे नुसतं पाहिलं. सहा फुटांचा गडी, गळ्यात शिट्टी, पण मुकाट्याने फडकं घेऊन आला. कोपरेही पुसून घे, असं आईने सांगितल्यावर त्याने कोपरेही पुसले. मग ती बसली, पर्स मांडीवर घेतली आणि तरणतलावाकडे अशी पाहू लागली, की आता पाण्यानेही रांगेत उभं राहावं.

बेबी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हे पाहत होती. तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आजची बॅच शेवटची होती आणि आईला ते माहीत नव्हतं.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तिला बेबी म्हणणारं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि ते त्या बाकावर बसलं होतं. बाकी प्रत्येकासाठी ती कोणीतरी वेगळी होती. लिफ्ट तपासणीच्या ऑफिसात ती मॅडम. तिची सही झाल्याशिवाय नव्या इमारतीची लिफ्ट हलत नसे, आणि ती सही करायला ती स्वतः लिफ्टच्या टपावर चढत असे. राहत्या इमारतीत ती सेक्रेटरी, म्हणजे कोणाच्या गॅलरीतलं पाणी कोणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं की दार तिचं वाजायचं. घरी एकीची आई, एकाची बायको. तीन वर्षं ती व्हायोलिनही शिकत होती, आणि तिच्या प्रगतीपेक्षा शेजाऱ्यांची सहनशक्ती कौतुकाची होती. शनिवारी सकाळी सात ते साडेआठ ती पन्नाशी उलटलेल्या बायकांना पोहायला शिकवायची. इथे ती कोच. इतक्या हाकांना ओ देताना दिवस कुठे जायचा कळत नसे. ती कुरकुर करायची, पण खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

आईचं नेमकं उलट झालं होतं. तेहतीस वर्षं शाळा, त्यातली चौदा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. निवृत्तीनंतर बाबांचं लांबलेलं आजारपण. त्यात तीच नर्स, तीच स्वयंपाकीण, डॉक्टरांना धारेवर धरणारीही तीच. आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले आणि सकाळी उठून करायचं असं काही तिच्याकडे राहिलं नाही. सहा आठवड्यांपूर्वी बेबी तिला आपल्या घरी घेऊन आली.

तक्रारीला जागा नव्हती. जावई बोलका, नात जीव लावणारी. फक्त घरात एकटं थांबायची वेळ आली की आईचा चेहरा उतरायचा. तोंडातून ती ब्र काढायची नाही. शेवटी वॉचमननेच एकदा बेबीला बाजूला घेऊन सांगितलं. तुम्ही सगळे बाहेर पडलात की आजी खाली येतात, माझ्या खुर्चीशेजारी पायरीवर बसतात, आणि तुमच्यातलं कोणी गेटपाशी दिसलं की जिन्याने वर जातात. लिफ्टने जात नाहीत, लिफ्टपाशी तुमची गाठ पडेल म्हणून. तिसरा मजला, आणि आईचे गुडघे तर पायरी पाहूनच दुखायला लागायचे.

त्या दिवशी बेबी स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. मग तिने फ्रिजवर तक्ता लावला. कोण कधी घरी, कोण कधी बाहेर. नवऱ्याने शिफ्ट बदलून घेतली, मुलीने कॉलेजचे तास इकडचे तिकडे केले, बेबीने व्हायोलिन सोडलं. शेजारच्या आजोबांनी उदार मनाने काळजी करू नकोस म्हणून धीर दिला. तरी शनिवारची सकाळ उघडी राहिलीच. पाच शनिवार मुलीने सांभाळले. आता तिला शनिवारचं काम लागलं होतं आणि नवऱ्याची शिफ्ट तर हलण्यासारखी नव्हती.

"आईंना एकदा विचार तरी," नवरा म्हणाला होता.

"विचारलं तर म्हणेल, मी राहीन एकटी, मला काय होतंय. आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसेल."

तिने विचारलं नाही. आपण शिकवणं सोडतोय, असं तलावाच्या मॅनेजरला कळवून टाकलं. त्याने हळहळ व्यक्त केली आणि त्याच दमात सांगितलं, की मग ही बॅच बंदच करू, बायकांना शिकवायला सकाळी सातला दुसरं कोण येणार. बेबीला वाटलं होतं, आपण फार समंजसपणे वागलो. पण गेला आठवडाभर तिला आईचा राग येत होता. आईने चहा मागितला तरी राग, नाही मागितला तरी राग. मग त्या रागाची लाज वाटायची आणि ती आईला उगीचच दुसरं पांघरूण नेऊन द्यायची.

आज घरी कोणीच नव्हतं, म्हणून आईला बरोबर आणावं लागलं. आई नाही म्हणाली नाही. पोहायला जातेस म्हणजे काय करतेस ते बघू तरी, एवढंच म्हणाली आणि निघायच्या तासभर आधी चपला घालून दाराशी बसली.

पाण्यात अकरा बायका होत्या. रोज पहाटे तीनला भट्टी पेटवणारी बेकरीवाली होती, एक पोस्टातून निवृत्त झालेली टपालबाई होती, दोन जुळ्या बहिणी होत्या, ज्यांचं एकमेकींशी पटत नसे पण बुडायचं तर एकत्र, असं ठरलेलं होतं. कोणी नवऱ्याच्या नकळत येत होती, कोणी डॉक्टरने सांगितलं म्हणून. बेबी स्वतः अडतिसाव्या वर्षी पोहायला शिकली होती, जीव मुठीत धरून. पाय टेकत नाही असं कळतं त्या क्षणी छातीत काय होतं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून ती कोणाला घाई करायची नाही. एक बाई चार शनिवार नुसती काठाचा पाइप धरून उभी राहिली होती आणि चारही शनिवार बेबी तिच्याशेजारी उभी राहून तिच्या सुनेच्या गोष्टी ऐकत होती. पाचव्या शनिवारी त्या बाईने पाइप सोडला.

आज बायका जरा जास्तच शहाण्यासारख्या वागत होत्या. सांगितलं ते पहिल्या सांगण्यात करत होत्या, आणि तेच बेबीला सहन होत नव्हतं. बाकावरून आईचं लक्ष होतं. एकदा तिने हात वर करून मागच्या दोघी बोलत असल्याचं खुणेने दाखवलं. बेबीने मान डोलावली. दोघी गप्प झाल्या, त्यांतली एक साठीची होती.

आठच्या सुमाराला बेकरीवालीच्या पोटरीत पेटका आला. बेबीने तिचा पाय ताणून दिला आणि थोडा वेळ वर बसायला सांगितलं. ती टॉवेल गुंडाळून लंगडत गेली आणि थेट आईच्या बाकावर जाऊन बसली.

मागच्या शनिवारी बेबीने बायकांना सगळं सांगितलं होतं. आई राहायला आली आहे, तिला एकटं ठेवता येत नाही, म्हणून बॅच सोडतेय. मात्र आईसमोर यातलं काही काढू नका, हे सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा आई इथे येईल असं वाटलंच नव्हतं. आणि बेकरीवाली मनाने पावासारखी मऊ असली तरी तिच्या पोटात काही राहत नसे.

तलावात आवाज घुमत होता, त्यामुळे शब्द ऐकू येत नव्हते. बेकरीवाली हातवारे करत बोलत होती. एकदा तिने टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले. एकदा आईच्या खांद्यावर हात ठेवला, हे धाडस आजवर कोणी केलं नव्हतं. आई सरळ समोर पाहत होती. मग तिने पर्सची चेन उघडली, आत पाहिलं, काहीही न काढता चेन लावली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. बेबी टपालबाईंचे पाय धरून त्यांना पाय मारायला शिकवत होती, आणि टपालबाईंना दोनदा सांगावं लागलं की कोच, आता सोडा, मी दमले.

पुन्हा पाहिलं तेव्हा बाकावर एकटी बेकरीवाली होती आणि आईची पर्स तिच्या मांडीवर होती.

आई गेली कुठे? बेबीने दाराकडे पाहिलं, मग जिन्याकडे. आई रागावली की निघून जायची. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं उठून चालू लागायचं. रस्ता तिला माहीत नव्हता. बेबी शिडीकडे निघाली, पण पाण्यात दहा जणी होत्या आणि त्यांना तसंच सोडून वर चढता येत नव्हतं. तिने लाइफगार्डला हाक मारली. आई कुठे गेली ते बघ, असं सांगणार तेवढ्यात तो कपडे बदलण्याच्या खोलीकडे हात करून हसला.

आई तिथून बाहेर येत होती. भिंतीला धरून, एकेक पाऊल जपून टाकत. अंगात काउंटरवर भाड्याने मिळणारा पूर्ण बाह्यांचा पोशाख होता, तो खांद्यावर ढगळ आणि पोटावर घट्ट. डोक्याला निळी टोपी. केस आत गेल्यामुळे तिचा चेहरा एकदम लहान दिसत होता. आपली आई एवढीशी आहे, हे बेबीला आजवर ठाऊक नव्हतं.

मागून काउंटरवरचा माणूस फॉर्म घेऊन आला. वय लिहिलंय, सही आहे, पण अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं हा रकाना आजींनी भरला नाही, नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं, त्याचं काय करू, असं त्याने विचारलं. बेबीने हातानेच त्याला नंतर ये म्हणून सांगितलं.

आई शिडीपाशी पोचली होती.

"आई, हे काय?"

"गुडघ्यांना चांगलं असतं म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणीतरी." आईने पहिल्या दांड्यावर पाय ठेवला आणि पाणी घोट्याला लागताच श्वास आत ओढला. मग खाली न पाहता म्हणाली, "मला विचारलं नाहीस तू."

बेबीने दोन्ही हात पुढे केले. आई एकेक दांडा उतरली आणि शेवटच्या दांड्यावरून तिने बेबीचे दंड असे घट्ट पकडले, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसावेत.

"किती खोल आहे?"

"तुझ्या छातीपर्यंत. पाय टेकतात."

"टेकले."

बाकीच्या बायका आपोआप पलीकडच्या टोकाला सरकल्या आणि मोठमोठ्याने पाय मारायला लागल्या. इतक्या मनापासून त्यांनी आजवर कधी मारले नव्हते. आई थोडा वेळ नुसती उभी राहिली. पाणी तिच्याभोवती हलत होतं आणि ती त्यावर नजर ठेवून होती. मग पहिल्या दिवशी काय शिकवतेस, असं तिने विचारलं. बेबीने सांगितलं, की आधी उताणं पडून तरंगायचं. डोकं मागे सोडायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, पोट वर. खालून माझा हात असतो.

आईने डोळे मिटले आणि मागे झुकली. बेबीने एक हात मानेखाली घेतला, एक पाठीखाली. आईचे पाय वर यायला तयार नव्हते. मग एक आला, त्यामागून दुसरा. तिचं वजन पाण्याने उचललं आणि बेबीच्या तळव्यावर उरलं ते अगदीच थोडं. तिने मानेखालचा हात हळूच काढून घेतला. आईचं डोकं जागच्या जागी राहिलं.

यापुढचं काम बेबीला झोपेतही जमलं असतं. बाई तरंगायला लागली की पाठीखालचा हातही बोटाबोटाने खाली न्यायचा आणि धरलंय, धरलंय असं म्हणत राहायचं. बारा वर्षांत शेकडो बायकांशी ती हे खोटं बोलली होती आणि एकीनेही तिला बोल लावला नव्हता. आई आता स्वतःच्या बळावर तरंगत होती. हात काढायला काहीच हरकत नव्हती. बेबीने एक बोट सैल केलं, आणि पुन्हा टेकवलं.

"काढलास हात?" आईने विचारलं. कान पाण्यात असल्यामुळे तिचा आवाज जरा मोठा आला.

"काढलाय."

तेहतीस वर्षं आईसमोर उभं राहून कोणाचं खोटं पचलं नव्हतं.

"बेबी."

"हं."

"हात आहे तुझा. मला कळतंय."

बेबीने हात तसाच ठेवला. टोकाला पाय मारणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या होत्या आणि सगळा तलाव शांत झाला होता.

"पुढच्या शनिवारी काढ," आई डोळे न उघडता म्हणाली. "आज असू दे."