डाव्या पायाची ढाल

गुनवोरचा वार सिक्स्टेनच्या मानेवर बसला आणि पडद्यावरचा तो धिप्पाड शिपाई गुडघ्यांवर कोसळला. आखाड्याभोवती उभ्या असलेल्यांनी तलवारी उंचावून तिचं कौतुक केलं. हेडफोनमधून सिक्स्टेन म्हणाला, "काय हात आहे बाई तुझा. मेलो."

गुनवोरला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या तोंडाची चवच गेली.

हार्नोसांड गावच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकून टाइप करण्यात तिची हयात गेली होती. टेबलाखाली पायाशी एक पेडल असायचं. दाबलं की डॉक्टरांचा टेपवरचा आवाज चालू, सोडलं की बंद. दिवसभर लोकांची दुखणी टाइप करायची, घरी येऊन वाटाण्याचं सूप गरम करायचं आणि मग संगणकावरच्या या तलवारीच्या खेळात उतरायचं, हा तिचा शिरस्ता. नवरा हयात होता तेव्हा येईल त्याला सांगायचा, लोकांच्या बायका मोजे विणतात, आमची मुंडकी उडवते.

सिक्स्टेन तिला या आखाड्यातच भेटला. भेटला म्हणजे आवाजानं. समोरासमोर दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. तो पार वर उत्तरेला, लुलेओच्या बंदरात क्रेन चालवायचा. क्रेनचा दांडा मागे ओढला की माल वर जातो, म्हणून या पठ्ठ्यानं खेळातही माऊस उलटा करून घेतलेला, मागे ओढला की नजर वर. गुनवोर त्याला उलट्या खोपडीचा म्हणायची. तो म्हणायचा, उलट्या तुमच्या सगळ्यांच्या, मी एकटाच सरळ. ही वादावादी वर्षानुवर्षं चालली आणि दोघांनाही ती मिटवायची नव्हती.

आखाड्याची रीत साधी होती. ज्याच्याशी लढायचं त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं आणि तलवार कपाळापर्यंत उचलायची. समोरच्यानंही उचलली की लढत सुरू. मध्ये कुणी पडायचं नाही, आणि हरलेल्यानं उठून पुन्हा सलामी द्यायची.

गेल्या शरदात गुनवोरला झटका आला आणि तिची उजवी बाजू लुळी पडली. वाचा परतली, पाय थोडाफार चालू लागला, हात मात्र पुरता आला नाही. तिनं सगळी बटणं नव्यानं लावली. माऊस डाव्या हातात, चालायला बाणांची बटणं उजव्या हाताच्या जड बोटांखाली, आणि ढालीसाठी पेडल, दाबलं की ढाल क्षणभर वर. इस्पितळातून तिनं आपलं जुनं पेडल मागून आणलं. आता डॉक्टरांचं बोलणं यंत्रच टाइप करतं, त्यामुळे त्यांनी ते खुशाल देऊन टाकलं. पण जन्मभर पेडल दाबलं होतं उजव्या पायानं, आणि आता काम पडलं डाव्याला. सुरुवातीला मुंडकं उडाल्यावर ढाल वर यायची.

तिच्या दुखण्याची बातमी आखाड्यात पसरली आणि सगळे एकदम शहाण्यासारखे वागायला लागले. ती आली की वाट सोडायचे, तब्येत विचारायचे. तलवार मात्र कुणीच उचलेना. येत होता तो एकटा सिक्स्टेन, आणि तो आता दर शनिवारी दुपारी हरत होता.

पण गुनवोर काय काल आली होती? सिक्स्टेनची सगळी करामत हूल देण्यात होती. तो तलवार डोक्यावर न्यायचा आणि वार करता करता अख्खं अंग वळवायचा, त्यामुळे पातं क्षणभर उशिरा पोचायचं. तोवर समोरच्यानं घाईनं उचललेली ढाल खाली आलेली असायची. हल्ली तो सरळ वार करायचा, तोही असा की लहान पोरानं अडवावा. आणि तिचा वार आला की याची ढाल नेमकी कमरेशी.

"सिक्स्टेन, तू मुद्दाम हरतोयस."

त्यानं वयाचं कारण सांगितलं, मग चष्म्याचं.

"इतकी वर्षं माझं मुंडकं उडवलंस, कधी लाज वाटली नाही तुला," ती म्हणाली. "आता असं काय पाप केलं मी, की माझ्याशी सभ्यपणे वागायला लागलास?"

सिक्स्टेननं तलवार खाली केली.

"हरत राहिलीस तर यायची बंद होशील, असं वाटलं. मग मी कुणाशी बोलू, गुनवोर? या घरात आवाज म्हणशील तर फ्रिजचा."

तिला भडभडून आलं. इतके दिवस ती याला दया समजून आतल्या आत जळत होती, आणि हा बापडा घाबरला होता. पण तिनं आवाज मऊ होऊ दिला नाही.

"अशी जिंकत राहिले तर मात्र नक्की बंद होईन. डॉक्टर म्हणतात छान चाललंय, बहीण म्हणते छान चाललंय. तू तरी मला खरं काय ते कळू दे."

सिक्स्टेननं तलवार कपाळापर्यंत उचलली. तिनंही उचलली.

पाय हलायच्या आत तिचं मुंडकं उडालं. ती उठली, सलामी दिली, पुन्हा उभी राहिली. या वेळी त्यानं लाथ घालून ढाल बाजूला केली आणि पोटात तलवार खुपसली. तिनं त्याला चांगली कचकचीत शिवी हासडली आणि पुन्हा उभी राहिली. असं कितीदा तरी झालं. मग तिनं पात्याकडे बघणं सोडलं आणि त्याच्या खांद्यावर नजर ठेवली. तलवार वर गेली, खांदा वळायला लागला, डावा पाय दाबायला शिवशिवला. तिनं दाबला नाही. थांबली. मग दाबला.

खण्ण. पातं ढालीवर आदळलं.

"आयला," सिक्स्टेन म्हणाला, आणि पुढच्याच वारात त्यानं तिला आडवी केली.

गुनवोर हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती त्या दुपारी एकही लढत जिंकली नाही. आपल्यातलं काय गेलंय आणि काय उरलंय, ते तिला एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा नीट कळलं. गेलेलं पुष्कळ होतं.

बघणाऱ्यांपैकी कुणीतरी पडद्यावर लिहिलं, अहो, त्या आजारी आहेत. सिक्स्टेननं उत्तर दिलं, माहीत आहे.

मग गर्दीतून लाल अंगरख्याचा एक अनोळखी गडी पुढे आला. जरा घुटमळला. गुनवोरपुढे येऊन उभा राहिला आणि त्यानं तलवार कपाळापर्यंत उचलली.

गुनवोर खुर्चीत सावरून बसली. डाव्या हातानं तिनं उजव्या हाताची बोटं उचलून एकेक करून बटणांवर ठेवली आणि सलामी परत केली. गड्यानं हातचं काही राखलं नाही, बघता बघता तिला लोळवली. ती उठून सलामी देत होती, तेव्हा त्याच्यामागे आणखी एकजण तलवार उचलून उभा होता.