अभिप्रायासाठी

“तिसऱ्यांदा लिहितेय ही मुलगी,” चष्मा कपाळावर सरकवत गुणवंतराव म्हणाले. “दोनदा उत्तर दिलंय मी तिला.”

“काय दिलंत?” प्रमोदिनीबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

“आपला मेल मिळाला. विषय विचाराधीन आहे.”

“अच्छा. मग विचार झाला का?”

असले प्रश्न गुणवंतराव देउळगावकरांना फारसे रुचत नसत. दिल्लीतल्या एका मंत्रालयात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि विचाराधीन असलेल्या विषयाबद्दल घाई करणारी माणसं त्यांना तिथेही आवडली नव्हती. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. दिल्लीच्या वेशीवर वैशालीतला हा फ्लॅट घेतला तेव्हा खाली सरसोंची शेतं होती, आता दोन मॉल आणि तिसऱ्याचा खड्डा होता. मुलगा अनुराग बंगळूरला नोकरीला लागला आणि त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला. दिवसभर करायचं काय, या विवंचनेत असताना ‘यमुनाकाठ’ त्यांच्या गळ्यात पडला.

‘यमुनाकाठ’ म्हणजे दिल्ली परिसरातल्या मराठी माणसांचा इंटरनेटवरचा गट. कुणाला मोदकाचं पीठ हवं, कुणाला मुलीसाठी स्थळ, कुणाला मुनिरकात खोली. गट काढला होता सुजय नावाच्या गुडगावच्या कंपनीतल्या तरुणाने. पण त्याला वेळ नसे, म्हणून “काका, तुमच्यासारखं अनुभवी माणूस पाहिजे” म्हणत त्याने गुणवंतरावांना मॉडरेटर केलं. सभासदांची पत्रं आधी त्यांच्याकडे येत, ते वाचून मंजूर करत, मग ती गटावर लागत. पुन्हा एकदा काहीतरी मंजूर करायला मिळालं, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की रोज सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसत.

तक्रार करणारी मुलगी शिवांगी. उदगीरची, मुनिरकात खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करणारी. जानेवारीत गटाची पानिपतला सहल गेली होती, तेव्हा दोघांना भेटली होती. प्रमोदिनीबाईंची पिशवी दिवसभर तिनेच वागवली आणि काला अंबच्या युद्धस्मारकापाशी सगळ्यांना तिळगूळ वाटताना गुणवंतरावांना वाकून नमस्कार केला. पूर्वपरीक्षा ती पास झाली होती. मुख्य परीक्षा महिन्यावर आली होती.

त्या सहलीतला तिचा फोटो कुणीतरी कापून गटावर लावला होता. लावणाऱ्याने स्वतःचं नाव ‘हसमुख’ असं दिलं होतं. खाली तिचा मोबाइल नंबर आणि मुनिरकाच्या खोल्यांत मुली रात्री कसला अभ्यास करतात याबद्दल चार घाणेरड्या ओळी. त्या दिवसापासून तिला अनोळखी माणसांचे फोन येत होते.

“काका,” तिसऱ्या मेलमध्ये तिने लिहिलं होतं, “सभासदांचं काहीही तुमच्या मंजुरीशिवाय लागत नाही ना? मग हे कसं लागलं? फक्त गटाच्या मालकाला मंजुरी लागत नाही. सुजय मला सहलीनंतर सारखे मेसेज करत होता, मी नाही म्हटलं. पुरावा माझ्याकडे एवढाच आहे. फोटो काढून टाका, प्लीज. मोबाइल मी बंद ठेवलाय. माझा पत्ता आणि घरमालकिणीचा नंबर खाली देते, तिच्याकडे फोन करा. मी वाट बघते.”

मेल त्यांनी दोनदा वाचला. आरोप गंभीर होता आणि नावानिशी होता. अशा तक्रारीचं काय करायचं असतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचं म्हणणं मागवायचं. एकतर्फी निर्णय घ्यायचा नाही. त्यांनी तो मेल जसाच्या तसा, खालच्या पत्त्यासकट, सुजयला पाठवला आणि वर लिहिलं, ‘अभिप्रायासाठी. सात दिवसांत अपेक्षित.’

सुजयचा अभिप्राय संध्याकाळीच आला. नम्र होता. “काका, त्या ‘हसमुख’ला मी ओळखत नाही. परीक्षेच्या टेन्शनमध्ये बिचारीचा गैरसमज झाला असेल. मी बघतो.” बघतो म्हटलंय म्हणजे बघेल, असं म्हणून गुणवंतरावांनी प्रकरण निकालात काढलं. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दसऱ्याला अनुरागकडे बंगळूरला गेले. तिथे दहा दिवस त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. मुलाकडे गेल्यावर ऑफिसचं काम करू नये, हाही त्यांचा नियमच होता.

परत आल्यावर बॅगा दारातच टाकून ते बसले, तर शिवांगीचा मेल येऊन आठ दिवस झाले होते. एकच ओळ होती.

“काका, माझा पत्ता त्याला कुणी दिला?”

मागून प्रमोदिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ती ओळ वाचली. मग त्यांनी खालचं, त्याच्या खालचं, सगळं वाचलं. चहा तसाच टेबलावर ठेवला.

“तुम्ही त्यालाच पाठवलंत?”

“पद्धत आहे ती, प्रमोदिनी. दोन्ही बाजू—”

“कुठल्या बाजू हो? खोलीत एकटी राहणारी पोर ती!” त्यांचा आवाज चढला. “स्वरूपाबद्दल कुणी असं लिहिलं असतं, तर मागवला असतात अभिप्राय?”

स्वरूपा त्यांची भाची. ज्या कामाचा गुणवंतरावांना चौतीस वर्षं अभिमान होता, त्याच कामाची त्यांना त्या क्षणी शिसारी आली.

मुनिरकात ते दोन बस बदलून पोचले. गल्ली इतकी अरुंद की वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या एकमेकींना टेकल्या होत्या. घरमालकीण मटार सोलत दारात बसली होती.

“वो तो चली गई जी. चार दिन हुए. एक लड़का गाड़ी लेकर सामने खड़ा रहता था. कुछ कहता नहीं था, बस खड़ा रहता. मोहल्ले में बातें होने लगीं, तो मैंने बोल दिया, बेटा, कमरा खाली कर दे.” तिने मान वर केली. “आप कौन?”

“मैं... काका.”

“अच्छा, आप हो काका!” बाई एकदम खुलली. “रोज पूछती थी, आंटी, काका का फोन आया? मैं कहती, आ जाएगा. आप बीमार थे क्या?”

गुणवंतरावांनी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ बाईने बहुधा हो असाच घेतला, कारण तिने आतून पाण्याचा ग्लास आणून दिला.

परतीच्या बसमध्ये पुढे कॉलेजच्या मुली बसल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणीतरी ‘काका’ अशी हाक मारली असं वाटून ते दोनदा दचकले. त्या मुली पंजाबीत बोलत होत्या.

घरी येऊन त्यांनी फोटो उघडला. आजवर त्यांनी तो नीट पाहिलाच नव्हता. घाणेरडं काही पाहायचं नाही म्हणून नजर टाळली होती. शिवांगी हसत होती. फोटो कापणाऱ्याने बाकीची माणसं काढून टाकली होती, पण कडेला एक हात राहिला होता, पुढे केलेला, तळव्यावर तिळगूळ असलेला. मनगटावरचं घड्याळ गुणवंतरावांनी ओळखलं. ते आत्ताही त्यांच्या हातात होतं.

काढून टाकायचं बटण त्यांच्या पानावर नव्हतंच. लावलेलं काढायचा अधिकार फक्त मालकाचा, आणि मालक सुजय. त्यांनी त्याला फोन केला. आधी रागावले, मग विनवण्या केल्या.

“काका, रिलॅक्स,” सुजय म्हणाला. “एकाचं काढलं की उद्या दहा जण मागे लागतील. आणि खरं सांगू? आता ती आहे कुठे दिल्लीत?”

ती दिल्लीत नाही हे याला कसं ठाऊक, हे गुणवंतरावांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

मग त्यांनी ज्या परदेशी कंपनीच्या साइटवर हा गट चालत होता, तिच्याकडे तक्रार केली. मुद्देसूद, क्रमांक घालून. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं, तक्रार मिळाल्याबद्दल आभार. दोन दिवसांनी दुसरं आलं, मजकुरात नियमांचा भंग आढळला नाही. खाली सही नव्हती, हुद्दा नव्हता. ते उत्तर कुणी माणसाने लिहिलं होतं की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. त्यांनी आणखी चार वेळा लिहिलं. रोज सकाळी दाढी न करता ते फोटो आहे का बघत आणि तो असे, आणि त्यात त्यांचा हातही असे. कॉम्प्युटर बंद केला तरी तो हात डोळ्यांपुढून हलेना.

“परीक्षेला किती दिवस आहेत?” एका सकाळी प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

“नऊ.”

“मग तिला इथे बोलवा. अनुरागची खोली रिकामीच आहे. मी जाईन तिच्याबरोबर सेंटरवर, डबा घेऊन. चलो, करा फोन.”

सहलीच्या यादीत तिचा उदगीरचा घरचा नंबर सापडला. गुणवंतरावांनी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं आणि तो कागद बाजूला ठेवून नंबर फिरवला. फोन तिनेच उचलला.

“शिवांगी, मी देउळगावकर काका.”

बाजूला ठेवलेला कागद त्यांनी पालथा केला.

“बाळ, तुझा पत्ता मी दिला. मीच पाठवला त्याला. माझी चूक झाली, फार मोठी चूक झाली.” “तू ये. आमच्याकडे राहा, इथे वैशालीत. काकू वाट बघतेय. नऊ दिवस आहेत अजून. वर्ष फुकट घालवू नकोस.”

“काका,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “फोटो निघाला का?”

“नाही बाळ. मी खूप प्रयत्न—”

“बरं.”

मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि एका बाईने विचारलं, “कुणाचा फोन हाय गं?”

“कुणाचा नाही आई,” शिवांगी म्हणाली. “राँग नंबर.”

फोन बंद झाला. गुणवंतराव उठून आतल्या खोलीत गेले. प्रमोदिनीबाईंनी अनुरागच्या पुस्तकांचे खोके माळ्यावर टाकले होते, टेबल पुसून खिडकीपाशी ओढलं होतं आणि आता त्या पलंगावर नवी चादर घालत होत्या.

“कोणत्या गाडीने येतेय?” त्यांनी न वळताच विचारलं.

गुणवंतरावांनी चादरीची दोन टोकं हातात धरली आणि घडी घालायला सुरुवात केली. प्रमोदिनीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्याकडची दोन टोकं उचलली.