न दिलेला स्वर

दिवा लागला तेव्हा सुहासिनीचं बोट बटणापासून दोन इंच दूर होतं.

हिरवा, हरभऱ्याच्या डाळीएवढा दिवा. काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलेल्या माणसाला स्वर ऐकू आला की तो हातातली कळ दाबतो आणि इकडे यंत्रावर हा दिवा लागतो. चोवीस वर्षं ती कान तपासत आली होती आणि चोवीस वर्षं हा दिवा पाहत आली होती. पण आत्ता तिनं स्वर दिलेलाच नव्हता.

तिनं हात मांडीवर ठेवला. मनात चारपर्यंत मोजलं. दिवा पुन्हा लागला. पुन्हा चार. दिवा. मग दोनच सेकंदांनी आणखी एकदा.

काचेपलीकडे अनुप डोळे मिटून बसला होता. तिचा एकुलता एक मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा. ब्रिटिश नौदलातला वैमानिक, सध्या दोन वर्षांसाठी अमेरिकन नौदलाकडे पाठवलेला. तिथं तो विमानवाहू जहाजावरून लढाऊ जेट उडवत असे. दहा दिवसांच्या रजेवर लंडनजवळच्या स्लाऊला, घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आई, माझे कान बघ ना जरा." शनिवारी हॉस्पिटलचा श्रवण विभाग बंद असतो. किल्ली तिच्याकडे होती.

"सगळे ऐकलो मी," दार ढकलून बाहेर येत तो म्हणाला.

"सगळे ऐकले," तिनं सवयीनं दुरुस्त केलं. मग म्हणाली, "मी न दिलेलेसुद्धा."

त्याचा चेहरा लाल झाला आणि मग तो हसला. "ओह. तू थांबली होतीस? दॅट्स चीटिंग, आई."

"चीटिंग कोण करतंय?"

"तुझा रिदम आहे ना, फोर, फोर, टू. लहानपणापासून पाठ आहे मला."

खरं होतं ते. तो सात वर्षांचा असताना शाळा सुटल्यावर त्याला सांभाळायला कोणी नव्हतं. ती त्याला या खोलीत बसवायची, कानांवर मोठे हेडफोन चढवायची आणि सांगायची, पक्षी बोलला की कळ दाब. स्वरांमधलं अंतर एकसारखं ठेवायचं नसतं, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ती सवय मोडली असंच तिला वाटत होतं.

"नेव्हीतही असंच करतोस?"

"त्यांचा वेगळा आहे, पण असतोच रिदम. रजा संपली की सोमवारी ॲन्युअल टेस्ट आहे. मला फक्त थोडी प्रॅक्टिस पाहिजे होती."

त्याची चलाखी कळल्यावर तिनं अंतरं बदलून सगळे स्वर पुन्हा दिले होते; त्या आलेखाकडे तिनं पाहिलं. डावीकडून सरळ येणारी रेघ चार हजार हर्ट्झच्या खुणेपाशी, उंच स्वरांपाशी, विहिरीत पडावी तशी खाली जात होती. मोठ्या आवाजानं कान जातात ते असेच, आधी तिथेच. माणसाला एकदम ऐकू येईनासं होत नाही. स, फ, थ तेवढे गळतात, आणि सगळे लोक पुटपुटायला लागलेत असं त्याला वाटतं.

नाताळात आला होता तेव्हाही तिनं त्याचे कान तपासले होते. तेव्हा विहीर उथळ होती. त्याच रात्री तिनं ठरवलं होतं, याला सांगायचं. तो आलेख कुठंही न नोंदवता तिनं आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मग तो परत गेला. मग फोनवर कसं सांगायचं, म्हणून राहिलं. ईस्टर गेला. उन्हाळाही संपत आला. त्याचे वडील गेल्यानंतरच्या सहा वर्षांत त्या पोराच्या तोंडावर उजेड दिसला तो फक्त विमानांबद्दल बोलताना. तो उजेड आपल्या हातानं घालवायचा तर शब्द कुठून आणायचे, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

आजचा कागदही तिनं घडी करून पर्समध्ये टाकला.

घरी तिचे वडील, कमलाकर, जेवायला खोळंबले होते. पंचाहत्तरी ओलांडलेले. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या विमान-दुरुस्ती यार्डात ते फोरमन होते. दोन्ही कानांत यंत्रं होती आणि तरीही टीव्ही शेजारच्यांना ऐकू जाई एवढा लावायचे.

बांगड्याचं तिखलं वाढेपर्यंत अनुपला दम नव्हता.

"आजोबा, तुमचा विमान भेटला मला!"

"काय पेटलं?"

"भेटला! विमान! रशियन!"

"भेटलं. ते विमान. नपुंसकलिंग."

"चार इंजिनं, आठ पंखे आणि न्यूटर? त्याला सांगून बघा तुम्ही!"

म्हाताऱ्याचं पोट हसून हसून हललं. गेलं वर्षभर ही लांब पल्ल्याची रशियन बाँबर विमानं पुन्हा समुद्रावर दूरदूर फिरायला लागली होती, हे सगळ्यांनीच बातम्यांत पाहिलं होतं. त्यांचंच एक भावंड भारतीय नौदलानं टेहळणीसाठी घेतलं होतं, आणि कमलाकरांची नोकरीतली शेवटची तीन वर्षं त्याच्या पोटाखाली गेली होती. ते त्याला 'आमचं धूड' म्हणत.

"आम्ही अलर्टवर होतो," अनुप सांगू लागला. "जेटमध्ये बसूनच. ते शिपकडे येतंय म्हटल्यावर सोडलं आम्हाला. आमचे दोन जेट, त्यांचा एक धूड. भांडायचं नसतं, आजोबा. नुसतं शेजारी उडायचं, ते जाईपर्यंत."

"म्हणजे पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला जायचं."

"एक्झॅक्टली! आणि मागच्या काचेतून एक माणूस बघत होता. मी हात केला. त्यानं काय दाखवला माहितेय? काकडीच्या लोणच्याची बरणी."

"तीच ती माणसं!" कमलाकरांनी टेबलावर हात आपटला. "आमच्याकडे शिकवायला आले होते ना, त्यांना मी आंब्याचं लोणचं दिलं. चमच्यानं खाल्लं नुसतं, घळाघळा रडले आणि पुन्हा मागितलं."

सुहासिनीसुद्धा हसली. अनुपनं भात कालवला.

"पण आवाज! जेटमध्ये बसून, हेल्मेट घालून, तरी ऐकू येतो. छातीत."

"मला सांगतोस?" म्हाताऱ्यानं कानातल्या यंत्रावर टिचकी मारली. "कापसाचे बोळे घालून काम केलंय आम्ही."

"त्याच्यातच मी त्या धुडाच्या जरा जास्त जवळ गेलो. माझा लीडर ओरडत होता, शिफ्ट राइट, शिफ्ट राइट. थर्ड टाइम बोलला तेव्हा मला कळलं. पंखे एकदम इथं! हेडसेट डॉजी होता, नीट चालत नव्हता." तो हसत होता.

कमलाकरांनी उचललेला घास ताटात ठेवला. "किती जवळ?"

"इथून... समोरच्या घराच्या दारापर्यंत."

"तिसऱ्यांदा ऐकू आलं?"

"हेडसेट, आजोबा."

"त्या धुडात सात माणसं असतात, अनुप," म्हातारा या वेळी मुळीच मोठ्यानं बोलला नाही. "माझे कान गेले तेव्हा मी जमिनीवर होतो."

अनुपनं सुहासिनीकडे पाहिलं. "काय म्हणाले ते?"

ती उठून सिंकपाशी हात धुऊ लागली. अनुप ताट सिंकमध्ये ठेवून मागच्या बागेत निघून गेला. कमलाकर काट्यांमधून मासा सोडवत राहिले. ओल्या हातानंच ती त्याच्यामागे गेली.

तो कुंपणाला टेकून उभा होता. "तू सांगितलंस ना त्यांना?"

"मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. आठ महिने."

"मग अजून थोडे दिवस. प्लीज, आई. सोमवारी पास झालो की एक वर्ष मिळेल. मग मी स्वतःच सोडणार, प्रॉमिस. इन्स्ट्रक्टर होईन." तो थांबला, मग जपून म्हणाला, "आणि रिदम तूच शिकवलास ना मला. विचारलं कोणी तर तुझापण प्रॉब्लेम होईल."

"होऊ दे."

"काय?"

तिनं तोंड उघडलं, पण हीथ्रोवर उतरणारं एक विमान छपरांवरून येत होतं. स्लाऊत माणसं अशा वेळी अर्ध्या वाक्यात थांबतात आणि ते गेलं की पुढचा शब्द उचलतात. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. ती थांबली. चाकं बाहेर काढलेलं ते पोट अगदी सावकाश वरून सरकलं. अनुपनं मान वर करून पाहिलं, कुठलं मॉडेल आहे ते ओळखल्यासारखी हलकेच मान डोलावली, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो उजेड आला. वाळत घातलेल्या चादरीवरून सावली गेली. आवाज रेल्वेलाइनीपलीकडे विरेपर्यंत ती थांबून राहिली.

मग बहिऱ्या माणसांच्या नातेवाइकांना ती इतकी वर्षं जे शिकवत आली तेच तिनं केलं. दोन पावलं पुढं जाऊन ती त्याच्या समोर आली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली. आवाज चढवला नाही. खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली,

"अनुप, तू आता उडायचं नाहीस. सोमवारी तू स्वतः त्यांना सांग. नाही सांगितलंस, तर मंगळवारी मी सांगणार."