कोपऱ्यापर्यंतचा समेट

सुताराच्या बायकोचा नियम कडक होता: सकाळी चर्चच्या पुस्तकातलं त्या दिवसाचं वाचन मोठ्याने वाचायचं आणि दिवे लागायच्या आत ते करून दाखवायचं. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, असं आलं तेव्हा तिने नवऱ्याचा लग्नातला कोट देऊन टाकला, खिशातल्या चष्म्यासकट. मग महिनाभर त्याच्या एकाही खुर्चीला धड चार पाय नव्हते. कुठे तीन, कुठे पाच!

दरवर्षी उपवासकाळात मात्र ते वाचन यायचंच: आधी जाऊन भावाशी समेट कर. सुताराचा धाकट्याशी अबोला एकोणीस वर्षांचा. बायको त्याला दाराबाहेर काढायची. तो कोपऱ्यापर्यंत जायचा, तासभर भिंतीला टेकून उभा राहायचा आणि परतून सांगायचा, "घरी नव्हता गं."

"बरं," म्हणून ती गालात हसायची.

यंदा ती नव्हती. त्याने एकट्यानेच वाचलं, अडखळत. थाप मारायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो थेट भावाच्या दारात गेला.

"ये दादा! आज सापडलो बघ घरी."

"म्हणजे?"

"वाचन मलाही तेच असायचं की! दरवर्षी मागच्या गल्लीने तुझ्याकडे यायचो. वहिनी चहा द्यायची, म्हणायची, 'ते तुमच्याकडेच गेलेत.'"

"आणि मला कधी बोलली नाही!"

"म्हणायची, 'ते तुमच्या दारापर्यंत पोचू देत, मग सांगा.'"

सुतार उंबऱ्यावरच बसला. हसता हसता डोळे पुसत म्हणाला, "बस इथे. चहा देताना आणखी काय काय बोलायची, ते सगळं सांग."