रोसित्साकडचं जेवण

बडोद्यात गोत्रीला लेकीच्या सोसायटीखाली बल्गेरियन जेवणाचं हॉटेल निघालंय, हे ऐकल्यापासून स्नेहलताबाईंना तिथं जायचं होतं. हॉटेल कसलं, पाच टेबलांची खोली. रोसित्सा नावाची बल्गेरियन बाई आणि तिचा बडोद्याचाच नवरा मिळून चालवत. पण स्नेहलताबाईंचा थोरला भाऊ, दत्तात्रेय, तरुणपणी त्याच देशात गेला होता. बुर्गास नावाच्या बंदराच्या गावी, कारखान्याच्या ट्रेनिंगला. तिथं एका ऑगस्टात तो समुद्रात बुडाला आणि बडोद्याला आली ती अस्थींची पेटी. तो तिकडे काय जेवत असेल, एवढं तरी मरायच्या आधी चाखून बघावं, असं बाईंच्या मनात होतं.

त्यांच्या नवऱ्यानं, विश्रामरावांनी, दोनदा मोडता घातला. "या वयात तसलं काही पचायचं नाही," म्हणाले. शेवटी लेकीनं, आकांक्षानं, रविवारी दुपारचं टेबल परस्पर सांगून टाकलं, तेव्हा ते मुकाट्यानं बायकोच्या मागून जिना उतरले.

"केम छो आंटी, बेसो बेसो," रोसित्सा गुजरातीत म्हणाली. पन्नाशीची, लालबुंद गालांची बाई. तिनं आधी थंड सूप आणलं. तारातोर त्याचं नाव. पातळ दह्यात काकडी, लसूण, कुटलेले अक्रोड आणि वरून चिरलेला शेपू. स्नेहलताबाईंनी चमचा तोंडात घातला आणि त्यांना बरं वाटलं. इतकं काही परकं नव्हतं. दत्ताला आवडलं असणार.

विश्रामरावांनी चमच्याला हातही लावला नव्हता.

चीज घातलेली पापुद्र्यांची बानित्सा टेबलावर ठेवताना रोसित्साचा हात लागून ग्लास कलंडला आणि पाणी विश्रामरावांच्या मांडीवर सांडलं. गडबडीत ती आपल्याच भाषेत माफी मागायला लागली.

"न्यामा निश्तो," विश्रामराव पटकन तिच्याच भाषेत म्हणाले, काही हरकत नाही अशा सुरात. "न्यामा निश्तो."

रोसित्सा पुसायचं थांबली. त्यांच्याकडे बघत तिनं भराभर काहीतरी विचारलं. विश्रामरावांनी उत्तर दिलं. आधी अडखळत, मग एकदम सरळ, चार-पाच वाक्यं. तिनं पावाची टोपली पुढे केली. त्यांनी मान डावी-उजवीकडे हलवली. नको म्हणताहेत असं आकांक्षाला वाटलं, पण तिकडे होकाराला अशीच मान हलवत असावेत, कारण बाईनं पाव वाढला आणि त्यांनी तो घेतला. हसत हसत रोसित्सा आत गेली.

"बाबा, तुम्हाला ही भाषा येते?" आकांक्षाला गंमत वाटली होती. "कधी बोलला नाहीत."

स्नेहलताबाईंना गंमत वाटली नाही. एक्केचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाच्या तोंडून एक अख्खी भाषा बाहेर पडली होती.

"तुम्ही लग्नाआधी रशियाला गेला होतात ना?" त्यांनी विचारलं.

"आमच्या गावाकडे तिकडच्या सगळ्याच देशांना रशिया म्हणायचे."

"मग कुठं होतात?"

विश्रामरावांनी पाव ताटात ठेवला. "बुर्गासला. दत्ता होता तेव्हाच. एकाच खोलीत होतो आम्ही."

"खोटं," स्नेहलताबाई म्हणाल्या. "त्याच्या खोलीत कऱ्हाडकर होता. दत्ताच्या पत्रांत आहे. स्टोव्हवर पिठलं करायचा, तो."

"गाव विचारलं की मी कऱ्हाड सांगायचो. मग तो मला कऱ्हाडकरच म्हणायला लागला."

नवऱ्याचं गाव कऱ्हाडपासून सहा मैलांवर आहे, हे बाईंना लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं. ती पत्रं कपाटात होती. दर वर्षी त्या ती काढून वाचत आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसलेले असत. आकांक्षानं आईच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला.

"त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होतो. किनाऱ्यावर लाल झेंडा लावला होता, पाण्यात उतरू नका म्हणून. दत्ता थांबला. म्हणाला, राहू दे." विश्रामरावांचा आवाज कोरडा होता. "मी म्हणालो, झेंडा काय रोजच असतो. चल. दोघं उतरलो. मी बाहेर आलो."

"म्हणून माझ्याशी लग्न केलंत?"

"तुमच्या घरी आलो होतो ते हे सांगायला. तुझे वडील दारातच म्हणाले, या, मुलगी बघायला आलात ना. त्या दिवशी कुणीतरी येणार होतं वाटतं. त्यांनी आत घेतलं, तू पोहे घेऊन आलीस. मला तोंड उघडवेना. आठ दिवसांनी मीच मध्यस्थ पाठवला."

"दत्ता पाण्यात उतरलाच का, हा घोर घेऊन माझे बाबा गेले. आई गेली. कुणालाही सांगितलं नाहीत."

"आईंना सांगितलं होतं."

स्नेहलताबाईंनी मान वर केली.

"आकांक्षाच्या बारशाच्या दिवशी. त्या म्हणाल्या, जावईबापू, माझा एक गेला, आता पोरीचा संसार मोडू नका. तिला सांगू नका."

त्यानंतर आई एकोणीस वर्षं जगली होती. दर दिवाळीला याच माणसाला तिनं पहिल्या अंघोळीला तेल लावून पाटावर बसवलं होतं, आग्रह करून वाढलं होतं. एका दुपारी स्नेहलताबाईंची दोन माणसं अनोळखी झाली, आणि त्यातल्या एकाला काही विचारायची सोयही उरली नव्हती.

त्या उठल्या. कुणाकडे न बघता बाहेर आल्या, रिक्षा थांबवली आणि एकट्याच घरी गेल्या.

पुढचे अकरा दिवस त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. वेळेवर चहा ठेवला, पोळ्या केल्या, गोळ्या काढून दिल्या. आकांक्षा रोज फोन करायची. तिला "बरं आहे" एवढंच सांगायच्या. त्यांनी पत्रं काढली आणि जिथं जिथं कऱ्हाडकर होता ती वाक्यं पुन्हा वाचली. कऱ्हाडकरानं आपला कोट मला दिला. कऱ्हाडकर माझ्या तापात रात्रभर उशाशी बसला. कऱ्हाडकराला कुणी नाही, आई, तो आला की त्याला पुरणपोळी कर. आधी संताप आला, मग नुसता शीण.

बाराव्या दिवशी सकाळी विश्रामराव गॅलरीत बसले होते. स्नेहलताबाई दुसरी खुर्ची ओढून समोर बसल्या.

"पाणी गार होतं का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "ऑगस्टात तिथलं पाणी कोमट असतं."

"पहिल्यापासून सांगा. तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठं भेटलात तिथपासून. काही गाळू नका."

ते सांगायला लागले. जेवणाची वेळ टळून गेली, तरी बाई उठल्या नाहीत.